तंत्रवस्तूंचे विपणन आणि व्यवस्थापन संस्थेची निवड

वाराणसीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सिंहद्वाराबाहेर लंका नावाची गजबजलेली वस्ती आहे. तेथील पानवाल्याकडे गिऱ्हाईक क्यूआर कोडवर मोबाइल धरून पैसे देते आणि शेजारची छोटी पेटी मिळालेली रक्कम मोठ्याने उच्चारते. या व्यवहारामागील यूपीआय ही यंत्रणा २०१६ साली सुरू झाली. चुन्याकाताने हात भरलेल्या पानवाल्याला तिच्या रचनेशी कर्तव्य नसते. मोबाइलला हात न लावता पैसे आल्याची खात्री त्याला हवी असते. ही गरज ओळखून अभियंत्यांपर्यंत पोचविणे आणि तयार झालेल्या वस्तूचा उपयोग व किंमत त्याच्या भाषेत पटवून देणे, हे तंत्रवस्तूंच्या विपणनाचे कार्य होय. जाहिरात हा त्याचा केवळ एक भाग, आणि तोही बहुधा शेवटचा.

या कार्यासाठी संस्था निवडताना दृष्टी प्रथम कीर्तीकडे जाते. ते अगदीच गैर नव्हे, कारण पुष्कळ मोठ्या कंपन्या मोजक्याच संस्थांत भरतीसाठी जातात. परंतु ‘विपणनातील नोकऱ्या’ या सदरात साबण, विमा आणि संगणकप्रणाली यांची विक्री एकत्र मोजलेली असू शकते. म्हणून मागील दोन-तीन वर्षांत कोणत्या कंपनीने किती जणांना नेमके कोणते काम दिले, हे माजी विद्यार्थ्यांना विचारावे. माहितीपत्रकापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे.

दुसरी कसोटी शेजाराची. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९१९ साली अभियांत्रिकीचे महाविद्यालय सुरू झाले; त्याच परंपरेतील संस्था २०१२ साली आयआयटी झाली. व्यवस्थापनाचे शिक्षण विश्वविद्यालयात १९६८पासून दिले जाते. आज या दोन्ही संस्था स्वतंत्र असल्या तरी आवार एकच आहे. मुंबईत पवईला मांडणी निराळी: तेथील आयआयटीनेच १९९५ साली आपले व्यवस्थापन विद्यालय काढले. जवळच १९६३ साली औद्योगिक अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली ‘निटी’ २०२३ साली आयआयएम मुंबई झाली.

अर्थात शेजार आपोआप फळत नाही. अभियंत्यांसमवेत प्रकल्प करता येतो काय, त्यांच्या नवउद्योगांत सुटीतील काम मिळते काय, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी. विशेषतः शिक्षणासाठी कर्ज काढावे लागणार असेल तेव्हा. संगणकक्षेत्रात आधीच नोकरी असणाऱ्याने आणखी एक हिशेब मांडावा: दोन वर्षांच्या शुल्कात बुडालेले वेतनही मिळवावे, आणि आपल्याच कंपनीत विपणन विभागात बदली मिळते काय, हे प्रथम पाहावे.