एका वेळी एकच बोट

बॅगपाइप म्हटलं की आपल्याला लष्करी बँड आठवतो. ती मैदानभर घुमणारी स्कॉटिश वाद्यं. इंग्लंडच्या ईशान्येला, नॉर्थम्बरलंडमध्ये वाजणारे स्मॉलपाइप्स त्यांहून फार निराळे. ते तोंडाने फुंकायचे नाहीत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी. आवाज खोलीपुरता. आधारस्वराच्या नळ्या छातीवर आडव्या.

बोटांखालच्या नळीचं खालचं टोक बंद असतं. सगळी भोकं झाकली की ती गप्प होते, आधारस्वर तेवढे चालू राहतात. बहुतेक बॅगपाइपांत पिशवीत हवा आहे तोवर स्वर तुटतच नाही. इथे तो हवा तेव्हा तोडता येतो. म्हणून वादनाची शिस्तही तशीच ठरली : एक बोट उचलायचं, परत टेकवायचं, मगच दुसरं. चाल कितीही द्रुत असो, प्रत्येक स्वर शेंगेतून निघालेल्या मटारासारखा सुटा.

न्यूशॅमचे टॉम क्लफ (१८८१–१९६४) या शिस्तीचे कट्टर पुरस्कर्ते. पेशाने खाणकामगार, घरात पिढ्यांपासून पाइप. एक बोट टेकायच्या आत दुसरं उचलून स्वराला झालर लावणं ही त्यांच्या लेखी चूकच. १९२९मध्ये त्यांचं वादन ध्वनिमुद्रित झालं.

त्यांच्याकडेच शिकलेले बिली पिग (१९०२–१९६८) मात्र पुढे मोकळे वाजवू लागले. आयरिश आणि स्कॉटिश वादनातली अलंकरणं त्यांनी बिनदिक्कत घेतली. त्यांच्या संथ चाली ऐकून कितीतरी जण या वाद्याकडे वळले. वाद तेव्हापासूनचा : पिग यांनी वाद्य जिवंत ठेवलं की त्याचा स्वभाव मोडला?

मला क्लफ यांची बाजू पटते. स्वर तोडता येणं हीच या वाद्याची खासियत. ती सोडली तर दुसरा कुठलाही पाइप चालेल. पण पिग यांच्या संथ चालींपुढे हा युक्तिवाद तोकडा पडतो, हेही खरं. तिथे लांबवलेला स्वरच बोलतो, आणि त्याला वळण देणारी झालर उपरी वाटत नाही.

इतर वाद्यांबरोबरच्या बैठकीतले संकेत वेगळेच. जुन्या घडणीच्या पाइपांची पट्टी एफच्या किंचित वर, त्यामुळे फिडलवाल्यांशी सूर जुळत नाही. म्हणून आता जी पट्टीचेही पाइप घडवतात. तरी आवाज नाजूकच. पाइपवाला आधारस्वर जुळवत असेल तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबायचं, आणि त्याची चाल सुरू झाली की अ‍ॅकॉर्डियन आवरायचा.