गाळून न निघणारें विष

इंग्लंडांतील सेलाफील्ड येथें १९५० ते १९६० च्या दरम्यान वापरलेलें अणुइंधन सांठविण्यासाठीं एक उघडें तळें बांधण्यांत आलें. इंधनावरील मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें वेष्टन पाण्यांत गंजतें. हायड्रोजन वायु निघून जातो व हायड्रॉक्साइडचा गाळ तळाशीं बसतो. १९७० नंतरच्या दशकांत इंधन ठरल्यापेक्षां अधिक काळ बुडून राहिलें, आणि आंतील किरणोत्सर्गी सीझियम-१३७ पाण्यांत विरघळलें. मिठाचें पाणी फडक्यानें गाळून मीठ वेगळें होत नाहीं, तसेंच हें. म्हणून १९८५ पासून क्लिनोप्टिलोलाइट नांवाच्या खनिजाच्या थरांतून पाणी नेतात. खनिज आपलें सोडियम सोडतें व सीझियम धरून ठेवतें. रसायनशास्त्र विषाची जागा बदलतें. त्याचा नाश करूं शकत नाहीं. तें निम्में होण्यासच ३० वर्षें लागतात. पहारा त्याहून पुष्कळ अधिक काळ ठेवणें प्राप्त आहे.