हाडे नाव सांगत नाहीत

विहिरीचा गाळ उपसताना किंवा जुना बांध फोडताना कुदळीला एखादे लांब हाड लागले, की ते कोणाचे, तो मेला केव्हा, त्याला मारले कोणी आणि कोणत्या भाऊबंदकीपायी, हा सारा वृत्तांत दोन तासांत गावात सिद्ध होतो. आणि पोलीसपाटलाने वर्दी देऊन फौजदार पंचनाम्याला येऊन पोहोचेपर्यंत त्या वृत्तांताविषयी शंका घेणारा एकही इसम गावात उरलेला नसतो. अस्थींचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ त्याच हाडापुढे बसून जो पहिला प्रश्न विचारतो, तो मात्र इतका साधा असतो की पंचांची निराशाच व्हावी. हे हाड माणसाचे आहे काय, एवढेच तो विचारतो. हा प्रश्न पोकळ नव्हे. नखे गेलेला, कातडी सोललेला अस्वलाचा पंजा माणसाच्या हातासारखा इतका हुबेहूब दिसतो की शिकल्यासवरलेल्या डॉक्टरांचीही त्याने फसगत केलेली आहे.

ज्या विद्याशाखेस न्यायसहायक मानवशास्त्र म्हणतात, तिच्याविषयीचा सर्वांत दृढमूल गैरसमज असा, की कवटी हातात घेऊन उजेडात दोनदा फिरवली म्हणजे जाणकाराला मृताचे लिंग, वय, उंची, जात आणि स्वभावसुद्धा कळतो. चित्रपटांनी या समजुतीला पुष्कळ खतपाणी घातले आहे. वस्तुतः लिंगनिश्चितीसाठी कवटीपेक्षा कटिराची अस्थी अधिक विश्वासार्ह असते, कारण प्रसूतीच्या कार्यासाठी स्त्रीच्या कटिराची घडणच निराळी असते. आणि हा भेद यौवनावस्थेत प्रकट होणारा असल्यामुळे लहान मुलाच्या सांगाड्यावरून तो मुलगा की मुलगी हे केवळ हाडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. वयाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. मूल जितके लहान तितके त्याचे वय दातांवरून अधिक नेमके ठरते. पुढे हाडांची टोके ठराविक वयात मूळ हाडाशी सांधली जातात, गळपट्टीच्या हाडाचे छातीकडील टोक सर्वांच्या शेवटी, म्हणजे तिशीच्या आसपास जुळते. आणि तेथून पुढे वाढीचा हिशेब संपून झिजेचा हिशेब सुरू झाला, की अंदाजाची मर्यादा दहा-दहा, वीस-वीस वर्षांची होऊन बसते.

उंचीविषयी आपल्याकडे ‘साडेतीन हातांचा देह’ असे म्हणण्याची रूढी आहे, आणि प्रत्येक माणूस स्वतःच्या हाताने साडेतीन हात भरतो या समजुतीत अवयवांच्या प्रमाणाचे एक जुने व सूक्ष्म निरीक्षण दडलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. १८९९ साली कार्ल पिअर्सनने आणि १९५२ साली मिल्ड्रेड ट्रॉटर व गोल्डिन ग्लेसर यांनी जी गणिती सूत्रे मांडली, त्यांचे मूळ तत्त्वही याहून फार निराळे नाही. परंतु मांडीच्या अखंड हाडावरून काढलेल्या उंचीतसुद्धा दोन्ही बाजूंना सहा-साडेसहा सेंटिमीटरांची सूट ठेवावी लागते. शिवाय अमेरिकन सैनिकांच्या हाडांवर बसवलेले सूत्र दुसऱ्या देशातील माणसाला लावले तर ते आणखी घसरते. ‘१६५ सेंटिमीटर’ असा एकच आकडा ठामपणे लिहून देणारा दाखला पाहिला की तज्ज्ञाच्या ज्ञानाविषयी नव्हे, पण त्याच्या सचोटीविषयी शंका यावी.

या मर्यादांतून सत्य कसे निघते, हे पाहण्यासाठी एका खटल्याकडे वळले पाहिजे, आणि त्यातील आरोपी आपल्या मुंबईचा होता ही गोष्ट त्या खटल्याला आपल्या अधिक जवळ आणते. बख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम या नावाने १८९९ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात जन्मलेला आणि मुंबई विद्यापीठाची वैद्यकीची पदवी घेतलेला हा गृहस्थ विलायतेत जाऊन बक रक्स्टन झाला आणि लँकेस्टर गावी डॉक्टरी करू लागला. २९ सप्टेंबर १९३५ रोजी स्कॉटलंडमधील मॉफट गावाजवळच्या एका ओढ्यात, पुलाखाली, कापडात व वर्तमानपत्रांत गुंडाळलेले मानवी देहाचे तुकडे सापडले. सुमारे ७० तुकडे होते. ज्याने ते केले त्याला शरीररचनेचे उत्तम ज्ञान होते, कारण ओळख पटवणारा जवळजवळ प्रत्येक भाग त्याने निगुतीने काढून टाकला होता. वर्तमानपत्रांत प्रारंभी एक पुरुष व एक स्त्री अशी बातमी आली, आणि मग ती आपल्या घरची बेपत्ता दोन माणसे नव्हेत, असे रक्स्टनने आपल्या कामवाल्या बाईला समाधानाने सांगितल्याचे पुढे साक्षीत निघाले.

ग्लासगोचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर आणि एडिंबरोचे शारीरविद् जेम्स ब्रॅश यांनी त्या तुकड्यांतून दोन देह जुळवले, दोन्ही स्त्रियांचे. पहिलीचे वय त्यांनी १८ ते २५ ठरवले, दुसरीचे ३५ ते ४५. डॉक्टरच्या घरातून बेपत्ता झालेली दाई मेरी रॉजर्सन २० वर्षांची होती, हे नीट जुळले; त्याची पत्नी इझाबेला मात्र ३४ वर्षांची होती, म्हणजे तज्ज्ञांनी घातलेल्या कुंपणाच्या किंचित बाहेर. यावरून तज्ज्ञ चुकले असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. हाडाचे वय आणि जन्मनोंदीचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकेच यावरून दिसते.

याच खटल्यात कवटीचे छायाचित्र आणि जिवंतपणीचे छायाचित्र एकमेकांवर ठेवून पाहण्याची युक्ती गाजली. इझाबेलाच्या एका तसबिरीत तिच्या मस्तकावर रत्नमुकुट होता. त्या मुकुटाच्या मापावरून तसबीर प्रत्यक्ष आकाराएवढी मोठी करण्यात आली, कवटीचे चित्र त्याच कोनातून घेण्यात आले, आणि दोन्ही एकावर एक ठेवल्यावर जे भीषण व तितकेच सुंदर साम्य दिसले ते आजही पुस्तकांतून छापले जाते. या चित्राने गुन्हा शाबीत झाला, असे अनेकांना वाटते. पण ब्रॅशने साक्षीत केलेले विधान किती मोजके होते ते पाहावे: पहिली कवटी इझाबेलाची असू शकत नाही, दुसरी मेरीची असू शकत नाही, पहिली मेरीची असू शकेल, दुसरी इझाबेलाची असू शकेल. ‘नाही’ हा शब्द ठाम, आणि ‘असू शकेल’ हा सावध. नकार निश्चितपणे देता येतो, होकार मात्र बाहेरून आणावा लागतो, हे या शास्त्राचे मर्म त्या चार वाक्यांत सामावले आहे. येथे होकार आला तो मेरीच्या बोटांच्या ठशांतून, जे घरातील वस्तूंवरील ठशांशी जुळले. पायांच्या साच्यांतून, जे त्या दोघींच्या जोड्यांत बसले. आणि १५ सप्टेंबरच्या ‘संडे ग्राफिक’च्या त्या पानांतून, ज्यांची आवृत्ती केवळ लँकेस्टर व मोरकंब या भागासाठीच छापलेली होती. १२ मे १९३६ रोजी मँचेस्टरच्या तुरुंगात रक्स्टनला फाशी झाली.

अग्नीने सर्व पुरावा नष्ट होतो, हा समज तर आपल्याकडे तरी असू नये. कारण तिसऱ्या दिवशी अस्थी सावडण्यासाठी स्मशानात गेलेल्या प्रत्येकाने रक्षेत उरलेली हाडे स्वतःच्या हातांनी वेचलेली असतात. हाड जळताना आधी काळे, मग राखी आणि शेवटी शुभ्र होते, आक्रसते, वाकडे होते, तडकते. त्यातील डीएनए बहुधा नाहीसा होतो, हे खरे, परंतु आकार पुष्कळदा टिकतो. शिकागोचा सॉसेजचा कारखानदार अडॉल्फ लूटगर्ट याने १८९७ साली पत्नीचा देह क्षाराच्या कढईत विरघळवला, तरी दोन अंगठ्या आणि हाडांचे काही बारीक तुकडे मागे राहिलेच. आणि ते तुकडे मानवी असल्याची साक्ष जॉर्ज डॉर्सी या मानवशास्त्रज्ञाने कोर्टात दिली.

मृत्यू केव्हा झाला हे तज्ज्ञ पाहताक्षणी सांगतो, या भ्रमाचे निरसन एका थोर तज्ज्ञानेच, अनिच्छेने, केले. १९७७ साली टेनेसी राज्यातील फ्रँकलिन येथे एका जुन्या कबरीत उकराउकर झालेली आढळली आणि आत गुलाबी मांस टिकून असलेला देह मिळाला. विल्यम बास यांनी मृत्यूला फार तर वर्ष झाले असावे असे मत दिले. तो देह अमेरिकन यादवी युद्धात १८६४ साली नॅशव्हिलच्या लढाईत पडलेल्या कर्नल विल्यम शायचा निघाला; मसाला भरलेला मृतदेह बंद लोखंडी शवपेटीत टिकून राहिला होता. चूक ११३ वर्षांची होती. बास यांनी ती लपवली नाही. उलट देहाचे विघटन प्रत्यक्ष पाहून मोजता यावे म्हणून १९८१ मध्ये नॉक्सव्हिल येथे, दान मिळालेले देह उघड्यावर ठेवून, जगातील अशा प्रकारची पहिली संशोधनभूमी सुरू केली. स्वतःच्या चुकीचे इतके उपयुक्त प्रायश्चित्त विद्वानांच्या जगात क्वचितच घडते.

आता डीएनए आला, तेव्हा हाडे पाहणाऱ्यांचे काम संपले, असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी पंजाबातील अजनाळ्याची हकीकत ध्यानात घ्यावी. १८५७ साली अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने २६व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीचे २८२ शिपाई मारून विहिरीत टाकल्याचे स्वतःच्याच पुस्तकात लिहून ठेवले होते. तरीही २०१४ मध्ये ती विहीर उपसल्यावर ही हाडे फाळणीच्या दंगलीतील असावीत असे म्हणणारे निघालेच. उत्खनन उत्साही पण अप्रशिक्षित हातांनी झाले, त्यामुळे हाडे मोडली, एकमेकांत मिसळली, आणि अर्धा पुरावा वर येताना नाहीसा झाला. पुढे पंजाब विद्यापीठाचे जे. एस. सेहरावत आणि हैदराबाद व वाराणसी येथील शास्त्रज्ञ यांनी दातांचा अभ्यास केला. दाताचे कवच बालपणी एकदाच घडते व पुन्हा बदलत नाही. म्हणून ज्या पाण्यावर मूल वाढले त्या पाण्याची खूण त्यातील प्राणवायूच्या समस्थानिकांत राहते, आणि गहू-तांदळावर वाढलेला देह ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या देहाहून कार्बनच्या समस्थानिकांत निराळा दिसतो. ८५ नमुन्यांची अशी परीक्षा झाली, ५० नमुन्यांतील डीएनए तपासण्यात आला, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ही माणसे पंजाबातील नव्हेत, ती गंगेच्या खोऱ्यातील, पूर्व उत्तर प्रदेश, बिहार व बंगाल या प्रदेशांतली होती.

त्या अहवालाने प्रांत सांगितला, नावे सांगितली नाहीत. कारण डीएनए ताडून पाहायला नातेवाईक लागतो, दात ताडायला दंतवैद्याचे दप्तर लागते, आणि १८५७ च्या त्या शिपायांमागे यांपैकी काहीच उरलेले नव्हते. २०१४ च्या ऑगस्टात त्या अस्थींचा काही भाग विधिपूर्वक दहन करून गंगार्पण झाला. तो बेनावच गेला.