गवती चहा: तेल ड्रममध्ये ओतण्याआधी हे वाचा



एक टन ओल्या पाल्यातून तेल निघतं साधारण ५ किलोच्या आसपास. त्याचा भाव ठरतो सिट्रालवर. चांगल्या तेलात सिट्राल ७५ टक्के किंवा जास्त असतं. आपण सगळ्यांचं तेल एकाच ड्रममध्ये भरतो. त्यामुळे एका डब्यात गडबड झाली तरी फटका सगळ्यांना बसतो.

*शेतात*
▪️ कापणीआधी गाजर गवत, हरळी उपटून काढा. तण टाकीत गेलं की तेलाचा वास बिघडतो.
▪️ जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर कापा. पावसात किंवा दव असताना कापू नका.
▪️ कापणी जवळ आल्यावर फवारणी नको. औषधाचा अंश तेलात उतरू शकतो.

*टाकीवर*
▪️ पाला सावलीत पातळ पसरून कोमेजू द्या, एका दिवसाच्या आत टाकीत भरा. ढीग घातला तर आतून तापतो, कुजतो.
▪️ कंडेन्सरचं पाणी गार ठेवा. पाणी तापलं की तेल वाफेबरोबर उडून जातं.
▪️ ⚠️ बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं बांधू नका, त्यावर वजन ठेवू नका. दाबाला वाट मिळाली नाही तर बॉयलर फुटतो, माणूस जातो.
▪️ तेल पेट घेतं. तेलाजवळ विडी, काडी नको.

*साठवताना*
▪️ तेल वर तरंगतं, खालचं पाणी पूर्ण काढा. उरलेला ओलावा निर्जल सोडियम सल्फेटनं काढून तेल गाळून घ्या.
▪️ ॲल्युमिनियम किंवा स्टीलचा कोरडा डबा गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, सावलीत ठेवा. हवा, ऊन आणि पाणी लागलं की सिट्राल घटतं. प्लास्टिकचा कॅन नको.
▪️ रॉकेल, गोडेतेल मिसळलं तर तपासणीत पकडलं जातं.

*घरात*
चहात आपण पात टाकतो, तेल नाही! १ किलो तेल म्हणजे जवळपास २०० किलो पाल्याचा अर्क. ते पिऊ नका, अंगाला तसंच चोळू नका. कातडीची आग होते. पाण्याच्या किंवा औषधाच्या बाटलीत भरून ठेवू नका. लेकरानं चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, लगेच दवाखान्यात न्या.

डब्यावर नाव, गट नंबर आणि तेल काढल्याची तारीख लिहूनच आणा. शंका असेल तर याच नंबरवर मेसेज करा.

— तुमचा कृषी सल्लागार