नाण्यावरचा चेहरा हा कशाचा पुरावा?

विषय निवडताना आपल्यापैकी बरेच जण एक चूक करतात. मीही केली होती. राजा-राणीच्या दानधर्माच्या स्मरणार्थ नाणं निघालं की आपण ते त्यांच्या काळाचाच पुरावा समजून बसतो.

उदाहरण बघा. ३१ मे २०२५ रोजी अहिल्यादेवी होळकरांच्या ३००व्या जयंतीला भोपाळमध्ये ३०० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं. त्यावर त्यांची प्रतिमा आहे. असं नाणं बाजारात फिरत नाही, संग्राहक ते विकत घेतात. आता त्यांच्याच कारकिर्दीतलं महेश्वर टांकसाळीचं नाणं घ्या. त्यावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, आणि खूण शिवलिंग-बेलपानाची. अहिल्यादेवींचा चेहरा कुठेच नाही!

दोन्ही नाणी अस्सल आहेत, पण साक्ष वेगवेगळ्या काळाची देतात. पहिलं सांगतं, २०२५ मध्ये शासनाला कुणाची आठवण जपावीशी वाटली. दुसरं सांगतं, अठराव्या शतकात सत्ता कुणाच्या नावाने चालायची.

मग काशी विश्वनाथाचं देऊळ, घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा पैसा आला कुठून? मुख्यतः होळकरांच्या ‘खासगी’तून; दौलतीचा हिशेब वेगळा असे. हे नाण्यावरून कळत नाही, त्यासाठी मोडी कागदांकडे जावं लागतं.

आता आपल्या चंद्रपुरात या. बीरशहाची समाधी गोंड राणी हिराईंनी बांधली. महाकालीच्या देवळाचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. इथे साधनं म्हणजे दगड, लोकांच्या आठवणी आणि लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा १८६९चा चांदा जिल्ह्याचा जमीन महसूल अहवाल. पण तो अहवालही राणीच्या काळानंतर दीडेकशे वर्षांनी लिहिलेला, म्हणजे त्यालाही नाण्यासारखंच तपासायला हवं.

म्हणून साधन कुठलंही असो, वहीत तीन प्रश्न लिहा: हे कुणी घडवलं? कधी? खर्च कुणी केला? नाण्यांच्या मागे लागून विषय निवडले, तर ज्यांची आठवण आधीच जपली गेली आहे त्यांच्यावरच आपण पुन्हा लिहीत राहू. यंदा चैत्राच्या जत्रेला महाकालीला गेलात, तर दर्शनानंतर वही काढा. सुरुवात तिथूनच होईल.