गाडी जॅकवर, आपण बाहेर

कारखान्याची मोळी पडली की आपल्या सोमेश्वरनगरचा रस्ता ओळखू येत नाही. नीरेपासून बारामतीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मधूनच बंद पडलेला एखादा ट्रॅक्टर आणि या सगळ्यातून वाट काढणाऱ्या आपल्या मैत्रिणी. कुणी काकडे कॉलेजात शिकवायला निघालेली, कुणी बँकेत, कुणी मुलांना शाळेत सोडायला. पूर्वी दारातली गाडी म्हणजे 'ह्यांची' गाडी असायची. आता ऑल्टो नाहीतर वॅगन आरची चावी आपल्याच पर्समध्ये असते. गाडी चालवायला आपण शिकलो, पण ती उचलायची वेळ आली की लगेच 'अहो, जरा बघता का?' सुरू होतं.

आणि मैत्रिणींनो, या 'अहों'चीच मला जास्त काळजी वाटते. रविवारी सकाळी अंगणात गाडी जॅकवर चढवायची, सायलेन्सर का खडखडतोय ते बघायला नाहीतर ऑइल बदलायला खाली सरकायचं, आणि आतल्या आत हाक मारायची, 'अगं, तो पाना दे गं.' आपणही हातातलं काम टाकून पाना नेऊन देतो. त्या वेळी वरची सगळी गाडी नुसत्या जॅकवर आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. नवरा असो, दीर असो की बारावीतला मुलगा, त्याला तिथंच थांबवायचं असेल तर का थांबवायचं ते आपल्याला सांगता आलं पाहिजे.

जॅकचं काम उचलण्याचं. उचललेलं धरून ठेवायचं काम टेकूचं. हे आपल्या भागात नवीन सांगायला नकोच. ऊस घेऊन आलेला गाडीवान गाडीतळावर बैल सोडतो तेव्हा आधी जुवाखाली टेकू देतो, मगच बैल बाजूला घेतो. दोन चाकांची गाडी, टेकू नसेल तर तोंडावर आपटणार, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग चारचाकीच्या बाबतीत आपलेच लोक एवढे निर्धास्त कसे राहतात, कोण जाणे!

जरा वजनाचा विचार करा. लहानातली लहान ऑल्टो धरली तरी सातशे-साडेसातशे किलो. साखरेच्या पन्नास किलोच्या चौदा-पंधरा पोत्यांची थप्पीच की! त्यातून इंजिन पुढं, म्हणून पुढची बाजू जड. एकच कोपरा उचलला तरी तीन-चार पोती अंगावर येऊ शकतात. बोलेरोसारखी गाडी तर याच्या दुप्पट.

गाडीबरोबर मिळतो तो कात्रीसारखा उघडणारा जॅक. त्याचा स्क्रू सहसा आपणहून उलटा फिरत नाही, पण त्याचा पाय तळहाताएवढा. गाडी चार बोटं पुढं-मागं सरकली तरी जॅक तिरका होतो आणि आडवा पडतो. दुसरा तेलाचा, हायड्रॉलिक जॅक. कारखान्यात उसाचा रस काढणाऱ्या रोलरवर असाच तेलाचा दाब दिलेला असतो, त्यामुळे त्याची ताकद आपल्या गावाला माहीत आहे. पण आतलं रबरी सील झिजलं की तेल पाझरतं आणि गाडी हळूहळू खाली बसते. कधी हळूहळूही नाही, एकदम. जॅकच्या बुडाशी तेलाचा ओशटपणा दिसला तर तो जॅक वापरूच नका.

आता जमीन. आपली काळी माती उसाला सोन्यासारखी, जॅकला मात्र वैरी. पावसाळ्यात जॅकचा पाय लोण्यात सुरी जावी तसा आत जातो, उन्हाळ्यात भेगांची कड ढासळते. पाटाच्या भरावावर नाहीतर रस्त्याच्या उतरत्या साईडपट्टीवर तर गाडी उचलूच नये. पंक्चर टायरवर सपाट जागेपर्यंत हळूहळू गेलात तर फार तर टायर जाईल. जाऊ दे. जागा सपाट असली तरी जॅकखाली फूटभर लांब-रुंद, जाड लाकडी फळी घाला. अशी एक फळी डिकीत कायमची टाकून ठेवा. ऊस तोडलेल्या रानात पाचटावर तर गाडी उभीही करू नका. जॅक सरकतोच, शिवाय तापलेल्या सायलेन्सरने पाचट पेटायला वेळ लागत नाही.

'हँडब्रेक ओढलाय की, आणि गिअरमध्ये पण टाकलीय,' असं उत्तर हमखास येतं. दोन्ही करायचंच, पण तेवढं पुरत नाही. बहुतेक लहान गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागचं एक चाक उचललं की हँडब्रेकचं काम एकट्या चाकावर आलं. गिअर धरतो पुढची चाकं. त्यातलं एक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं, आणि मग जमिनीवरचं त्याचं जोडीदार चाकही गिअरला जुमानत नाही. म्हणून दगड लावायचा. जे चाक उचलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला, पुढून आणि मागून दोन्हीकडून. गोटा नको, तो घरंगळतो. चौकोनी, धारेचा दगड घ्या.

चाक बदलताना क्रम महत्त्वाचा. गाडीतून सगळ्यांना खाली उतरवा, झोपलेल्या बाळालासुद्धा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-पाऊण फेरा ढिले करा. गाडी वर गेल्यावर जोर लावाल तर जॅकलाच हिसका बसतो. हाताने नट हलला नाही तर पाना आडवा ठेवून पायाने वजन द्या, गाडी धरून. जॅक लावायची जागा ठरलेली असते. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे दोन खाचा असतात, जॅक त्यांच्यामध्ये बसवा. इतरत्र लावला तर पत्रा चेपतो आणि जॅक निसटतो. चाक जमिनीपासून सुटेल इतकंच उचला.

आणि एक सोपी युक्ती. चाक काढण्याआधी स्टेपनी गाडीखाली, जॅकच्या जवळ, आडवी सरकवून ठेवा. जुनं चाक निघालं की ते आत सारा आणि स्टेपनी बाहेर काढा. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर टेकेल. हा काही खाली जाण्याचा परवाना नव्हे, फक्त एक आडोसा. चाक बसवलं की नट समोरासमोरचे आवळायचे, आणि शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर.

खाली जायचंच असेल तर लोखंडी स्टँडची जोडी हवी. गाडीच्या वजनाला पुरतील असे, त्यावर टनाचा आकडा लिहिलेला असतो. सपाट, पक्क्या जमिनीवर जॅकने गाडी उचलायची, कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या मजबूत जागी दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर स्टँड लावायचे, पिन पूर्ण आत गेली का बघायचं, आणि मग हळूच गाडी स्टँडवर बसवायची. त्यानंतर बाहेरूनच गाडीला चांगला धक्का देऊन बघायचा. डगमगली तर परत सगळं पहिल्यापासून. जॅक काढायचा नाही, जोडीला राहू द्यायचा.

विटांचा थर रचून भागवणारे महाभाग पुष्कळ आहेत. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक भिंतीत कितीही ओझं पेलोत, गाडीचा एकाच जागी टोचणारा भार आला की न सांगता फुटतात. लाकूड निदान करकरतं तरी. अगदीच वेळ आली तर करवतीने सपाट कापलेले जाड ठोकळे उभे-आडवे रचावेत, गोल ओंडका नको. माझं स्पष्ट मत विचाराल तर ऑइल बदलायला एवढा खटाटोप करूच नये. गॅरेजमध्ये खड्डा असतो, रॅम्प असतो. तिथले पैसे वाचवण्याचा हट्ट पुरुषांना का असतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

गाडी वर असेपर्यंत पोरंटोरं, कोंबड्या, कुत्रं अंगणाबाहेर. इंजिन बंद, चावी आपल्याकडे. खाली कुणी असताना वर चढून बसायचं नाही, दारसुद्धा उघडायचं नाही.

तरीही गाडी कुणावर आलीच तर त्याला ओढू नका आणि स्वतः खाली शिरू नका. आधी शेजाऱ्यांना आरडाओरडा करून बोलवा, चाकांना दगड लावा, दुसरा जॅक लावून गाडी उचला, उचलली तसा खाली टेकू देत चला. छातीवर भार असेल तर श्वास अडकतो, म्हणून तो भार हटवायला एक मिनिटही दवडायचं नाही. त्याच वेळी एकीने १०८ ला फोन लावायचा. माणूस उठून बसला, 'मला काही झालं नाही' म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचंच. आतला मार वरून दिसत नाही.

जाता जाता, आज संध्याकाळी डिकी उघडून बघा. २०२० मध्ये नियम बदलल्यापासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. त्यामुळे नवीन गाडीत स्टेपनी आणि जॅक आहे असं गृहीत धरू नका. असेल तर स्टेपनीत हवा भरून घ्या, आणि उजेड आहे तोवर अंगणात एकदा स्वतःच्या हाताने नट ढिले करून, परत घट्ट आवळून बघा.