डोमेननामांचा दुरुपयोग

इंटरनेटवरील एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला लाभलेली ओळख, वाचकांचा विश्वास किंवा शोधयंत्रातील स्थान यांचा लाभ दुसऱ्याने स्वतःच्या निकृष्ट मजकुराकडे वाचक वळविण्यासाठी घेणे, यास डोमेननामाचा दुरुपयोग म्हणतात. अशा रीतीने उभारलेल्या संकेतस्थळांचा हेतू माहिती देणे हा नसून जाहिरातींचे उत्पन्न, दुव्यांची विक्री किंवा वाचकाची फसवणूक हा असतो. त्यांना सामान्यपणे ‘स्पॅम संकेतस्थळे’ अशी संज्ञा आहे.

नावाचे स्वरूप : इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला अंकांचा पत्ता असतो. असे अंक लक्षात ठेवणे कठीण असल्यामुळे पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये डोमेननाम पद्धतीची रचना मांडली. या पद्धतीत वाचकाने टंकलिखित केलेल्या नावाचे अंकांच्या पत्त्यात रूपांतर होते व त्या पत्त्यावरील संगणक मजकूर पाठवितो. ‘डॉट कॉम’ वर्गातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदविले गेले.

या रचनेतील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे, नाव व मजकूर यांचा संबंध कायमचा नसतो. नावाचा धारक केवळ एक नोंद बदलून ते नाव दुसऱ्या संगणकाकडे वळवू शकतो. दुसरी गोष्ट अशी की, नाव कायमचे विकत मिळत नाही. ‘डॉट कॉम’सारख्या वर्गांत ते एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदविता येते व मुदतीनंतर शुल्क भरून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. वाचक मात्र नाव पाहून मजकुराची पारख करतो. नाव तेच, म्हणजे संस्था तीच, असे तो गृहीत धरतो. तंत्राने न दिलेली ही हमी वाचक गृहीत धरतो आणि याच तफावतीवर दुरुपयोगाचे सर्व प्रकार आधारलेले आहेत.

नावाचे मूल्य : प्रारंभी नोंदणी निःशुल्क होती. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क आकारले जाऊ लागले. पुढे स्पर्धेमुळे हा खर्च पुष्कळ कमी झाला. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेल्या गूगल या शोधयंत्राची पद्धती प्रसिद्ध केली. एखाद्या पृष्ठाकडे इतर किती व कोणत्या पृष्ठांनी दुवे दिले आहेत, यावरून त्याचे महत्त्व ठरवावे, हे तिचे मुख्य तत्त्व होते. दुवा हा पत्त्याला जोडलेला असतो. त्यामुळे ग्रंथालये, वृत्तपत्रे, विद्यापीठे इत्यादींनी वर्षानुवर्षे दिलेल्या दुव्यांचे पुण्य नावाच्या खाती जमा होत गेले. ते मूळ लेखकांच्या श्रमाचे फळ असले, तरी नाव ज्याच्या हाती त्याला ते वापरता येऊ लागले.

प्रकार : (१) मिळत्याजुळत्या नावांची नोंदणी : प्रसिद्ध नावातील एखादे अक्षर गाळून, वाढवून किंवा बदलून नवे नाव नोंदविले जाते आणि टंकलेखनात चूक करणारा वाचक तेथे पोहोचतो. (२) नावाचा मजकुरात वापर : काही संकेतस्थळे हजारो परकीय डोमेननामांची यादी घेऊन प्रत्येक नावासाठी यंत्राने एक पृष्ठ तयार करतात. त्यात त्या नावाची ‘किंमत’, ‘वाचकसंख्या’ वा ‘परीक्षण’ अशा मथळ्यांखाली निरुपयोगी मजकूर असतो. मूळ संस्थेचे नाव शोधणाऱ्यांपैकी काही वाचक आपल्याकडे वळावेत, एवढाच त्यामागील हेतू असतो. (३) मुदत संपलेल्या नावांचा ताबा : ‘डॉट कॉम’ वर्गातील नावाचे नूतनीकरण न झाल्यास काही काळ सवलत मिळते. त्यानंतर नाव रद्द झाले, तरी ३० दिवसांपर्यंत मूळ धारकास ते अधिक शुल्क भरून परत घेता येते. ही संधीही टळल्यास आणखी ५ दिवसांनी नाव खुले होते. अशा नावांवर पाळत ठेवणाऱ्या संगणकीय आज्ञावली ते तत्काळ नोंदवितात. (४) चालू संकेतस्थळात शिरकाव : सुरक्षाव्यवस्थेतील त्रुटींचा फायदा घेऊन किंवा वापरात नसलेल्या उपडोमेनचा ताबा मिळवून शासकीय व शैक्षणिक संकेतस्थळांवर जुगार, औषधे इत्यादींची पृष्ठे घुसविली जातात. काही वेळा मूळ धारक स्वतःच आपल्या संकेतस्थळाचा एक विभाग पैसे घेऊन परक्याच्या मजकुरासाठी देतो.

तिसऱ्या प्रकारात मूळ लेखकांची हानी विशेष होते. ‘द अनऑफिशियल ॲपल वेबलॉग’ हे संगणकविषयक वार्ता देणारे संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू होऊन २०१५ मध्ये बंद पडले. २०२४ मध्ये त्याचे नाव नव्या धारकाकडे गेले व तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेले लेख प्रसिद्ध होऊ लागले. त्या लेखांखाली पूर्वीच्या लेखकांची खरी नावे त्यांच्या संमतीवाचून छापलेली होती. लेखकांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर ती नावे बदलण्यात आली. मालमत्तेच्या हस्तांतरामुळे एखाद्याची लेखक म्हणून असलेली ओळखही हस्तांतरित होते काय, हा प्रश्न या प्रकरणाने पुढे आणला.

आर्थिक कारणे : नोंदणीचा खर्च अल्प असतो व मजकूर यंत्राने तयार होतो, त्यामुळे प्रत्येक नावामागे अत्यल्प जाहिरात-उत्पन्न मिळाले, तरी असंख्य नावे बाळगणाऱ्यास धंदा किफायतशीर ठरतो. नोंदणीनंतर पाच दिवसांत नाव परत केल्यास शुल्क माफ होई. या सवलतीचा फायदा घेऊन काही व्यापारी लक्षावधी नावे नोंदवून तपासून पाहत व उत्पन्न न देणारी नावे परत करीत. ‘आयकॅन’ या नियामक संस्थेने २००८-०९ मध्ये अशा परतीवर शुल्क आकारण्यास प्रारंभ केला आणि ही प्रथा जवळजवळ थांबली. चुकीने टंकलिखित झालेल्या नावांचा मोह मोठ्या संस्थांनाही पडला. ‘डॉट कॉम’ व ‘डॉट नेट’ यांची मुख्य नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरीसाइन कंपनीने १५ सप्टेंबर २००३ पासून अस्तित्वात नसलेले प्रत्येक नाव स्वतःच्या पृष्ठाकडे वळविले. तीव्र विरोधानंतर आणि आयकॅनने बजावल्यावर ४ ऑक्टोबर २००३ रोजी तिला हा उपक्रम बंद करावा लागला.

कायदेशीर उपाय : अमेरिकेत १९९९ मध्ये या विषयावर स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक नावामागे १,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत नुकसानभरपाई देवविता येते. त्याच वर्षी आयकॅनने तंटे मिटविण्याचे समान धोरण स्वीकारले. तक्रारदारास त्यानुसार तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव आपल्या व्यापारचिन्हाशी एकरूप किंवा संभ्रम निर्माण करण्याइतके सदृश आहे, प्रतिपक्षाचा त्यावर वैध हितसंबंध नाही, आणि नोंदणी व वापर अप्रामाणिक हेतूने झालेला आहे.

भारतात या प्रश्नाचा विचार प्रथम न्यायालयांनी केला. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहूइंडिया’ या नावाच्या वापरास मनाई केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ’शी साधर्म्य असलेल्या ‘रॅडिफ’ या नावाचे प्रकरण आले. डोमेननाम हे केवळ इंटरनेटवरील पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळावयास हवे, असे न्यायालयाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘सिफी’ प्रकरणात या भूमिकेस पुष्टी दिली. ‘डॉट इन’ वर्गातील नावांसाठी २००५ पासून स्वतंत्र तंटानिवारण धोरण लागू आहे.

मर्यादा : हे उपाय मुख्यतः व्यापारचिन्हाच्या धारकास उपयोगी पडतात. बंद पडलेले नियतकालिक, अनुदान संपलेला संशोधनप्रकल्प किंवा छोटी सेवाभावी संस्था यांच्याकडे बहुधा नोंदलेले व्यापारचिन्ह नसते आणि सोडून दिलेल्या नावावर त्यांचा हक्कही उरत नाही. अशा ठिकाणी शोधयंत्रांची धोरणे अधिक परिणामकारक ठरतात. गूगलने मार्च २०२४ मध्ये मुदत संपलेल्या नावांचा दुरुपयोग, मोठ्या प्रमाणावर केलेली निकृष्ट मजकुराची निर्मिती आणि संकेतस्थळाच्या प्रतिष्ठेचा दुरुपयोग हे तीन प्रकार निषिद्ध ठरविले. तथापि नावाचा हेतुपूर्वक दुरुपयोग कोणता व प्रामाणिक पुनर्वापर कोणता, हे यंत्राला नेहमीच ओळखता येत नाही. शिवाय कोणते संकेतस्थळ लोकांच्या दृष्टीस पडावे, याचा निर्णय या मार्गाने एका खाजगी कंपनीच्या हाती जातो.

दक्षता : संस्थेचे काम थांबले, तरी तिच्या नावाचे नूतनीकरण काही वर्षे चालू ठेवणे, नाव सोडण्यापूर्वी त्यावरील ई-मेल पत्त्यांशी जोडलेली खाती बंद करणे, जुना मजकूर अभिलेखागारात जतन करणे आणि इतरांनी दिलेले दुवे शक्य तेथे काढून घेण्यास सांगणे, हे मूळ धारकास करता येण्याजोगे उपाय आहेत. दुवे देणाऱ्या ग्रंथालयांनी व पाठ्यपुस्तकमंडळांनीही ते ठरावीक काळाने तपासणे आवश्यक असते, कारण छापील पुस्तकातील पत्ता तसाच राहतो आणि त्यामागील धारक मात्र बदललेला असू शकतो. नाव ओळखीचे आहे एवढ्यावरून मजकूर विश्वसनीय ठरत नाही. तो कोणी, केव्हा व कोणत्या आधारे लिहिला आहे, हे वाचकाने स्वतंत्रपणे पाहावे लागते.